नांदेडचाच कशाला?

चुडाव्यात कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा जखडला किंवा घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, की सल्ला एकच मिळतो. "इथं काही होत नाही. नांदेडला दाखवा. मोठा माणूस बघा, मशिनी असलेला." सल्ला देणारा आपुलकीनंच देतो, आणि तो वरवर पटतोही. गावाला स्टेशन आहे. एका बाजूला पूर्णा जंक्शन, दुसऱ्या बाजूला लिंबगाव आणि त्याच्या पुढं नांदेड. गाडीत बसलं की पोचलं, मग अडचण कसली?

हा सल्ला फिजिओथेरपीच्या बाबतीत साफ चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. तो नुसता गैरसोयीचा असता तर मी लेखणी उचलली नसती. या सल्ल्यामुळं माणसं बरी व्हायची राहतात. चार खेपा करून, पैसे घालवून, "फिजिओथेरपीनं काही होत नसतं" असं म्हणत घरी बसतात, आणि दोष उपचाराच्या माथी जातो.

मान्य करायचं ते आधी मान्य करतो. मांडीचं हाड मोडलंय आणि सळई टाकायची आहे, मणक्याचं ऑपरेशन आहे, मेंदूत रक्तस्राव झालाय, अशा वेळी मोठं रुग्णालय लागतंच. तिथं जवळच्याचा हट्ट धरणं हा आडमुठेपणा झाला. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परभणीलाही 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. जिथं जायला हवं तिथं उशीर न करता जावं. पण ऑपरेशन एकदाच होतं, आणि सर्जन आपलं काम तुम्ही भूल दिलेल्या अवस्थेत असताना उरकतो. फिजिओथेरपिस्टचं काम तुम्ही जागे असताना, तुमच्याच हातापायांकडून, आठवडेच्या आठवडे करवून घ्यायचं असतं. या दोन कामांना एकच नियम लावून आपण "मोठा बघा" म्हणतो, इथंच घोटाळा होतो.

हिशेब मांडून बघा. प्लास्टर काढल्यावर गुडघा वाकत नाही. आठवड्यातून तीनदा या, सहा आठवडे या, असं सांगितलं तर अठरा खेपा झाल्या. गुडघा न वाकणारा माणूस एकटा गाडीत चढत नाही, बरोबर कुणीतरी लागतंच. म्हणजे दोन माणसांचे मिळून छत्तीस रोज बुडाले. वर प्रवास, चहापाणी, ऑटो आणि शेवटी फिजिओथेरपिस्टची फी. त्यात कापूस वेचणीचे दिवस असले, सोयाबीन काढायला आलं असलं, तर ज्या घरात एकूण हातच चार आहेत तिथं दोन हात नांदेडला जाऊन बसणार कसे? म्हणून तीन-चार सिटिंग होतात. दुखणं जरा हलकं होतं, खिसा त्याहून जास्त हलका होतो आणि जाणं बंद पडतं. गुडघा आहे तिथंच राहतो. पुढं शौचाला बसता येत नाही, खुरपायला बसता येत नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं, "आता ऑपरेशनच करावं लागेल."

यावर उत्तर येतं की, जिवापेक्षा पैसा मोठा आहे का? हे उत्तर ज्याचा रोज बुडत नाही तो देतो. शिवाय प्रश्न नुसत्या पैशाचा नाहीच. जखडलेल्या सांध्याला आणि लुळ्या हाताला एका थोर माणसाचा एकदा हात लागून भागत नाही. त्यांना सराव लागतो, रोजचा, कंटाळवाणा सराव. लकवा झाल्यावर सुधारणेचा सगळ्यात मोठा टप्पा पहिल्या काही महिन्यांत गाठला जातो. त्या काळात आठवड्यातून दोनदा पूर्णेला नियमानं जाणारा माणूस आणि दीड महिन्यात दोनदा नांदेडला जाऊन आलेला माणूस, यांत कोण पुढं जाईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जवळ असणं हा इथं उपचाराच्या दर्जाचाच भाग आहे. सर्जनच्या बाबतीत तसं नसतं.

आता मशिनींकडे येऊ, कारण "मोठा" या विशेषणामागं खरं तर मशिनीच असतात. गादीची टेबलं, त्यावर पडलेली माणसं, कमरेला चिकटवलेले रबरी पॅड, बारीक झिणझिण्या देणारा करंट, वजन लावून कंबर ताणणारं ट्रॅक्शन. हे सगळं पाहिलं की आपल्याला वाटतं, काहीतरी होतंय. पेशंट वीस मिनिटं पडून राहतो, उठतो, पैसे देतो. मधल्या वेळात त्याला कुणी विचारलेलं नसतं की बाबा, तू दिवसभर करतोस काय?

ब्रिटनमध्ये 'नाइस' नावाची संस्था आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं कोणता उपचार द्यावा आणि कोणता देऊ नये, याचे निकष ती ठरवते. कंबरदुखी आणि सायटिकावरची तिची मार्गदर्शिका नोव्हेंबर 2016 मध्ये आली. तीत ट्रॅक्शन देऊ नका म्हटलं आहे. अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका, टेन्स देऊ नका, इंटरफेरेन्शियल करंट देऊ नका, असंही म्हटलं आहे. आणि आपल्याकडे ज्याच्यावाचून कंबरदुखीचा पेशंट दवाखान्याबाहेर पडत नाही, तो कमरेचा पट्टाही देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं आहे. द्यायला सांगितला तो व्यायाम. हातानं करायचे उपचार चालतील, पण व्यायामाच्या जोडीनं, एकटे नाहीत. म्हणजे ज्या मशिनींसाठी चुडाव्याचा माणूस नांदेडची गाडी धरतो, त्यांतल्या बहुतेक निदान कमरेच्या बाबतीत तरी त्या यादीत नको म्हणून बसल्या आहेत. सगळी यंत्रं टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. लकव्यानं लुळ्या पडलेल्या खांद्याच्या स्नायूंना जागवणारा करंट काही पेशंटना उपयोगी पडतो. पण मशिनी किती आहेत यावरून फिजिओथेरपिस्ट निवडणं म्हणजे पातेली मोजून आचारी ठरवण्यासारखं आहे.

या विद्येचा आपल्या राज्यातला जन्म आठवला तरी हे ध्यानात येईल. मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर 1953 मध्ये केईएम रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. ते कुठल्या यंत्रासाठी उभं राहिलं नाही. पाय लुळे पडलेली मुलं होती आणि त्या मुलांना महिनोन् महिने हाताला धरून उभं करणारी, आईबापांना घरी काय करायचं ते शिकवणारी माणसं हवी होती. तेव्हापासून आजवर यंत्रं कितीतरी आली, पण मूळ काम तेच राहिलं.

खुरपणी करणाऱ्या बाईची कंबर घ्या. ती दिवसभर उकिडवी बसते, सरकत सरकत पुढं जाते, घरी येऊन पाण्याची कळशी उचलते, चुलीपुढं पुन्हा उकिडवी. तिला "खाली बसू नका, वाकू नका, ओझं उचलू नका" असं सांगणारा माणूस कितीही नामांकित असो, त्यानं तिला काहीच सांगितलेलं नाही. तिचं पोट त्याच तीन गोष्टींवर चालतं. खुरपताना अर्ध्या-पाऊण तासानं उठून पाठ मागं कशी मोडायची, कळशी कशी धरायची, मांड्या आणि पाठ बळकट करायला घरच्या घरी खाटेला धरून काय करायचं, हे तिला हवं असतं. हे सांगायला खुरपं हातात कसं धरतात ते माहीत असावं लागतं. पूर्णा तालुक्यात वाढलेल्या, आईला शेतात पाहिलेल्या एखाद्या तरुण फिजिओथेरपिस्टला ते ठाऊक असण्याची शक्यता शहरातल्या वातानुकूलित केंद्रापेक्षा जास्त आहे. खात्री अर्थातच नाही.

"पण त्यांनी एमआरआय बघून सांगितलं, गादी सरकली आहे!" हाही ठरलेला मुद्दा. एमआरआयची फाइल काखेत असली की आपल्याला आजार पक्का झाल्यासारखा वाटतो. 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा हजारो लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या धडधाकट लोकांतही सुमारे 30 टक्क्यांची गादी फुगलेली निघाली, ऐंशीच्या घरातल्यांत 84 टक्क्यांची. दुखत काहीच नव्हतं. म्हणून फाइल बघून थेट टेबलावर झोपवणाऱ्यापेक्षा, फाइल बाजूला ठेवून "चालून दाखवा, वाकून दाखवा, टाचांवर चाला" म्हणणारा बरा. एमआरआयला अर्थ येतो तो अंगाच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावरच.

आता दुसऱ्या बाजूचा, जास्त वजनदार आक्षेप. तो पारावरच्या माणसांचा नाही, दिल्लीचा आहे. 9 सप्टेंबर 2025 रोजी, जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं इंडियन मेडिकल असोसिएशनला एक पत्र पाठवलं. फिजिओथेरपिस्टनी नावापुढं 'डॉ.' लावू नये, त्यामुळं रुग्णांची दिशाभूल होते, असं त्यात 1916 च्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्याचा हवाला देऊन म्हटलं होतं. त्याआधी एप्रिलमध्ये आलेल्या नव्या अभ्यासक्रमानं पुढं 'डॉ.' आणि शेवटी 'पीटी' अशी मुभा दिली होती. पत्रावर गदारोळ झाला आणि दुसऱ्या दिवशी, 10 सप्टेंबरला, पत्र मागं घेतलं गेलं. वर्तमानपत्रांत भांडण रंगलं ते या दोन अक्षरांवर. त्या अक्षरांचं काय व्हायचं ते होवो. चुडाव्याचा माणूस सुई टोचणाऱ्या कंपाउंडरलाही डॉक्टरच म्हणतो.

माझ्या मते त्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य वेगळंच होतं. फिजिओथेरपिस्टनी थेट रुग्ण पाहू नयेत, डॉक्टरांनी पाठवलेलेच पाहावेत, कारण रोगनिदानाचं शिक्षण त्यांना नसतं आणि चुकीच्या फिजिओथेरपीनं काही आजार बिघडतात, असा त्याचा आशय होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कंबरदुखीच्या वेषात मणक्याचा टीबी येतो. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं अशा माणसाला ट्रॅक्शन लावणं हा अपराध आहे. पायांतली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. म्हातारं माणूस पडल्यावर लागलेली कंबरदुखी आधी एक्स-रे मागते.

पण यावरून "चिठ्ठीशिवाय जाऊच नका" हा निष्कर्ष निघत नाही. ऑस्ट्रेलियात 1976 पासून फिजिओथेरपिस्टकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून जाता येतं. तिथं मणके मोडून माणसं रस्त्यावर पडलेली नाहीत, कारण धोक्याच्या खुणा ओळखणं आणि वेळेत पाठवणं तिथल्या शिक्षणातच येतं. आपल्याकडेही 2021 चा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा फिजिओथेरपिस्टला आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता देतो आणि अशा व्यावसायिकाची पदवी किमान 3,600 तासांची असली पाहिजे म्हणतो. प्रत्यक्षातली बीपीटीएच साडेचार वर्षांची, अर्ध्या वर्षाच्या इंटर्नशिपसह. नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची झाली. एवढं शिकलेल्या माणसाला टीबीची शंका येऊ नये असं धरून चालायचं असेल, तर तो अभ्यासक्रमच बंद करावा.

आणि चिठ्ठी देतो कोण? खेड्यातल्या माणसाची कंबर दुखली तर पहिली गाठ एमबीबीएसशीच पडेल असं नाही. गोळ्या, इंजेक्शन, पट्टा आणि मग एक ठरावीक नाव. ते नाव का ठरावीक, हे विचारायला आपण लाजतो. कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवला होता. मसुदा झाला, कायदा झाला नाही. तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी ही माहिती म्हणून जरूर घ्या, त्यांनी निदान काय केलं आणि काय करू नका म्हटलं ते त्यावर लिहून मागा. पण चिठ्ठीवरचं नाव ही आज्ञा नसते. "हेच व्यायाम मी पूर्णेला केले तर चालेल का?" असं विचारल्यावर जो डॉक्टर रागावतो, त्याच्या रागाचं कारण तुमची कंबर नसावं.

इथवर वाचून कुणी टाळ्या वाजवत असेल, "आपल्या गावचाच बरा", तर त्यालाही थांबवायला हवं. जवळचा हवा याचा अर्थ जवळ जो कुणी असेल तो, असा होत नाही. खेड्यात या नावाखाली काय काय चालतं! हाडवैद्य आहेत, नस उतरवणारे आहेत, पाठीवर पाय देणारे आहेत. शेकाचं मशीन विकत घेऊन दुकान थाटणारे आहेत. कुठंतरी मदतनीस म्हणून राहून हात बसवलेले आहेत, ते आपल्याला बिनदिक्कत फिजिओ म्हणवतात.

लहान मुलाच्या कोपराला मार लागला की त्याला तेल लावून चोळणं हा आपल्याकडचा सर्वांत घातक प्रेमळपणा आहे. मार लागलेला कोपर जोरानं चोळला, ओढला, की आतल्या स्नायूतच हाड धरू लागतं आणि सांधा कायमचा अडकतो. बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्या तर रक्त तुटून हात वाळतो. हाडाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात असे हात आजही येतात. हाडवैद्यानं चार जणांचे हात नीट बसवले असतीलही. पाचव्या मुलाचं काय झालं, ते कुणी पारावर येऊन सांगत नाही.

लकव्याच्या माणसाची गोष्ट याहून वाईट, कारण तिथं चूक घरचेच करतात आणि मायेनं करतात. लुळ्या बाजूचा खांदा त्या हाताच्या वजनानंच खाली उतरायला आलेला असतो. पेशंटला उठवताना दोघं जण दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून, नाहीतर मनगट धरून ओढतात. खांदा सुटतो, दुखायला लागतो, आणि दुखरा खांदा पुढं सहा महिने कुठलाच व्यायाम करू देत नाही. त्यात कुणीतरी आढ्याला कप्पी बांधून देतं: चांगल्या हातानं दोर ओढा, लुळा हात वर जाईल. दिसायला अगदी शास्त्रीय. अमेरिकेच्या हार्ट असोसिएशन आणि स्ट्रोक असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शिकेनं लकव्याच्या खांद्यासाठी नेमकी हीच कप्पी नको म्हटली आहे. मालिश करणाऱ्याला हे माहीत नसतं. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टला माहीत असायला हवं, आणि त्यानं पहिल्याच भेटीत घरच्यांना समोर उभं करून उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, झोपताना हात कुठं ठेवायचा, हे करून दाखवायला हवं. मला विचाराल तर लकव्याच्या पेशंटसाठी फिजिओथेरपिस्ट निवडण्याची एकच कसोटी पुरे आहे: तो सुनेशी बोलतो का? दिवसभर उठवण्या-बसवण्याचं काम तिच्याच अंगावर पडणार असतं.

यूट्यूबबद्दल दोनच वाक्यं. मोबाइलवरचा माणूस व्यायाम दाखवतो, पण तुम्ही तो कसा करता हे त्याला दिसत नाही. शिकून झालेला व्यायाम आठवायला मोबाइल चांगला, शिकायला नाही.

मग माणूस शिकलेला आहे की नाही हे ओळखायचं कसं? त्याला सोपं उत्तर आहे, पण आपण ते वापरत नाही. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे. बोलीत तिला ओटीपीटी कौन्सिल म्हणतात. फिजिओथेरपिस्टची नोंदणी तिच्याकडे होते आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक विचारायचा. भिंतीवर बीपीटीएच किंवा एमपीटीएचचं प्रमाणपत्र आहे का ते बघायचं. सहा महिन्यांचा डिप्लोमा, "अमुक थेरपीचा कोर्स", "निसर्गोपचार व फिजिओ" अशी जोडपाटी दिसली तर मागं फिरायचं. क्रमांक विचारल्यानं अपमान होत नाही. खताच्या पोत्यावरचा लॉट नंबर आपण बघतोच की.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती कुणी उघड बोलत नाही, आणि तिच्यापायी कितीतरी जणी उपचारच सोडतात. कंबर, मांडी, ओटीपोट या भागांच्या तपासणीला परक्या पुरुषापुढं जायचं नसतं. बाळंतपणानंतरची कंबरदुखी, शिंकताना लघवी सुटणं, या तक्रारींवर फिजिओथेरपीत उपचार आहे हेच मुळात घरात माहीत नसतं. पूर्णेला, नाहीतर परभणी-नांदेडलाही, स्त्री फिजिओथेरपिस्ट मिळाली तर पहिल्या तपासणीसाठी लांब जाणंही सार्थकी लागतं. एवढ्यापुरता मी माझा आग्रह खुशाल मोडीन. पुरुष असेल तर पडदा हवा, बरोबर आलेल्या बाईला आत बसू द्यायला हवं, आणि हात कुठं, कशासाठी लावणार हे आधी सांगायला हवं. हे मागताना संकोच वाटायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात व्यवहारी आहे. "हे सगळं ठीक, पण आमच्या गावात माणूसच नाही." नसेल. पण माणूस नाही म्हणून नांदेड, हा एकच रस्ता नाही. एकदा लांब जाऊन पूर्ण तपासणी करून घ्या, घरी करायचा व्यायाम लिहून घ्या, मोबाइलवर स्वतःचाच व्यायाम करतानाचा व्हिडिओ काढून घ्या, आणि पुन्हा कधी यायचं ते ठरवून परत या. तीन आठवड्यांनी एक खेप कुठल्याही घराला झेपते. आपल्या आणि शेजारच्या गावांतले पाच-सहा पेशंट मिळून पूर्णेच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला आठवड्यातला एक दिवस चुडाव्याला यायला सांगू शकतात. बाजारच्या दिवशी एवढे विक्रेते गावोगाव फिरतात, तर हे काही अवघड नाही. नव्यानं दवाखाना टाकलेल्या तरुण मुलामुलींना पेशंट हवेच असतात.

आणि सरकारी हक्क आहेत ते कुणी मागत नाही. 2010-11 पासून सुरू असलेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरली आहे. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामीण रुग्णालयात, आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांची ओपीडी आणि पुनर्वसन कर्मचारी धरला आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन घरच्यांना शिकवणं हे त्या कर्मचाऱ्याचं काम आहे. लहान मुलांसाठी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. उशिरा मान धरणारं, उशिरा बसणारं मूल अंगणवाडीच्या तपासणीत सापडलं तर जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं, आणि तिथं फिजिओथेरपिस्टचं पद मंजूर असतं. कागदावर हे सगळं आहे. पूर्णेच्या ग्रामीण रुग्णालयात ते पद भरलेलं आहे का आणि तो माणूस चुडाव्याला कधी येणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. रस्ता, नाली, सभामंडप यांच्यावर तासभर भांडणाऱ्या सभेत दहा मिनिटं याला मिळायला हरकत नसावी.

तोवर तुम्ही ज्या कुणाकडे जाल, पूर्णेला, नांदेडला की परभणीला, त्याच्याकडे पहिल्या दिवशी एवढं बघा. त्यानं हात लावायच्या आधी बोलायला किती वेळ दिला? तुमचं काम काय, घरात कोण, संडास बैठा की खुर्चीचा, हे विचारलं का? जखडलेला खांदा घेऊन गेलात तर "साखर तपासली का" असं विचारलं का? मधुमेहात खांदा जखडणं नेहमीचं असतं. किती आठवड्यांत काय व्हायला हवं हे सांगितलं का, की "दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, मग बघू" म्हणाला? हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरांना दाखवा, असं म्हणायची त्याची तयारी आहे का?

आणि तिसऱ्या भेटीपर्यंतही घरी करायचा व्यायाम त्यानं शिकवला नसेल, तर चौथ्यांदा जाऊ नका, मग त्याचा दवाखाना नांदेडला असो नाहीतर तुमच्या गल्लीत.